आठ दिवस अनवाणी

पूनमताईला गावात सगळे धाडसी म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. मी आजवर पाहिलेल्या माणसांत सगळ्यात भित्री तीच. नारायणगावला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये चढली की ती आधी आतली माणसं मोजायची आणि उतरताना परत मोजायची. एखादं डोकं कमी भरलं की तिचा चेहरा उतरायचा. "ते पांढऱ्या टोपीचं बाबा कुठं गेलं?" ड्रायव्हर वैतागायचा. "अगं ताई, ते मघाच उतरलं फाट्याव! तू काय कंडक्टर हायेस का?" लग्नात जेवायला बसली तरी पंगतीतली पोरं मोजून झाल्याशिवाय घास घ्यायची नाही. नखं तर तिला नव्हतीच. सगळी खाऊन टाकलेली.

आणि पाण्याकडे पाठ करून ती कधी उभी राहायची नाही. माझ्या मोबाइलमध्ये तिचे चार फोटो आहेत. चारहींमध्ये विहीर समोर आहे आणि ताईची फक्त वेणी दिसते.

या बाईनं पाच उन्हाळे आमच्या गावच्या पोरापोरींना पोहायला शिकवलं. सुरुवात केली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी, पण मीही तिला ताईच म्हणायचे.

हे का करावं लागलं ते सांगते. आमच्या शिवारातून कालवा जातो. ऐन उन्हाळ्यात त्याला पाणी सुटतं, नेमकी शाळेला सुट्टी असते तेव्हा. पुलाशी एक फलक आहे : 'पोहण्यास सक्त मनाई.' फलक रंगवला की आपलं कर्तव्य संपलं असं मानणारी एक मोठी व्यवस्था या देशात आहे आणि तिच्याविषयी मी पानंच्या पानं लिहू शकते. पोरं त्या फलकावर कपडे वाळत घालायची. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी काठाला कपडे धुवायचे, पाय घसरला तर घसरला.

ताईचं गणित साधं होतं. "उन्हाळ्यात तेरा-चौदा वर्साचं पोर पाण्याकडं जाणारच. नको म्हणलं तर न सांगता जाणार. मंग कुठल्या पाण्यात जायाचं, एवढंच आपल्या हातात ऱ्हातं." कालव्याचा तिला धसका होता. म्हणायची, "हिरीत पडलेलं माणूस हिरीतच सापडतं गं. कालवा कुठं सोडंल सांगता येत न्हाई."

विहीर नानांची. नाना म्हणजे आमच्या आळीतले एक म्हातारे शेतकरी, तोंडानं तिखट. त्यांची विहीर जुनी, बांधीव, खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. वर कडेला मोटारीची खोली आणि एक उंबर. पायऱ्यांच्या बाजूला मुली, समोरच्या कडेला मुलं. नवख्याच्या पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधायचा, डब्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक शिकवणाऱ्याच्या हातात.

पण शिकवणारी ताई नव्हे. ताईनं स्वतः फक्त पहिली पाच पोरं शिकवली. पुढचा नियम असा की ज्याच्या पाठीचा डबा सुटला, त्याच्या हातात दुसऱ्या कुणाचा तरी दोर द्यायचा. पूर्ण उन्हाळाभर. त्या दोराला बांधलेलं पोर पोहायला लागेपर्यंत सुटका नाही.

गौरी अशीच तयार झाली. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. वर्गात इतकं हळू बोलायची की हजेरीत 'हजर' म्हटलेलं ऐकू न गेल्यानं तिची गैरहजेरी लागायची. तिच्या हातात ताईनं चौथीतल्या एका रडक्या मुलाचा दोर दिला. तिसऱ्या दिवशी मी रस्त्यानं येत होते, तर विहिरीतून कुणीतरी ओरडत होतं, "पाय मार! आरं पाय मार की मुडद्या, नुसतं रडून तरंगतंय व्हय कुणी!" मी वाकून बघितलं, तर गौरी. तिच्या आईलाही तो आवाज नवा होता. मोठी माणसं पोरांना उठता-बसता सांगतात, जबाबदारीनं वागा. पण जबाबदारी म्हणून त्यांच्या हातात देतात काय? मुलींच्या हातात झाडू आणि मुलांच्या हातात गाडीची किल्ली. जिवंत माणसाचा दोर फक्त ताईनं दिला.

दुसरा नियम चपलांचा. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकानं आपल्या चपला वरच्या पायरीवर एका रांगेत, टाचा पाण्याकडे आणि तोंड घराकडे करून काढायच्या. बाहेर आलं की घालायच्या. शेवटी रांग रिकामी झाली पाहिजे, एखादी जोड उरली की तीन शिट्ट्या. ताई स्वतः सगळ्यात टोकाला चपला काढायची, निळ्या पट्ट्यांच्या, अंगठ्याजवळ तारेनं बांधलेल्या. "डोकी पाण्यात हालत्यात, मोजता येत न्हाईत," ती सांगायची. "चप्पल हालत न्हाई."

मी काठावर असायचे. टॉवेल धरणं आणि कपड्यांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. मला पोहता येत नाही. आमच्या घरी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत चळवळीची पत्रकं भरलेली होती, मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यामुळे दुसऱ्याच उन्हाळ्यात मला वाटलं, ताईच्या कामाचं एक पत्रक झालं पाहिजे. मथळा दिला : 'बुडणाऱ्या पिढीला हात द्या!' तिनं वाचलं आणि कागद परत दिला.

"कोण बुडतंय? तोंड चांगलं ठेव की जरा. अजून एक बी न्हाई बुडालं."

मी म्हटलं, "ताई, तुमच्या घरात कुणी... म्हणजे कुणाच्या आठवणीत तू हे सुरू केलंस, ते लिहिलं तर लोकांना भिडेल."

 "आमच्यात कुणी न्हाई मेलं, पत्रकवाले. मेल्याबिगर सुरू करू नये का?"

तेव्हापासून मी 'पत्रकवाली' झाले. मी हट्टानं पत्रक छापलंच. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं की आमच्या गावात मुली मुलांच्या बरोबरीनं विहिरीत उतरतात. मला ती अभिमानाची गोष्ट वाटली होती. देवळासमोर कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, माणूसभर उंच.

मी भांडायच्या तयारीनं नानांच्या ओसरीवर गेले. हक्क, समता, सगळं जिभेवर होतं. ताईनं मला दारातच थांबवलं आणि स्वतः खाली बसली.

"नाना, काट्या का टाकल्या?"

"का म्हंजी? हीर माझी हाय. उद्या एखादं पोर गेलं म्हंजी पंचनामा माझ्या नावानं. आन वरून हिनं पत्रक काढलंय, गावभर बोभाटा! सभा भरिवलीय का माझ्या हिरीव?"

"मला बी तेच भ्या वाटतंय," ताई म्हणाली.

नाना थांबले. ती विनवेल किंवा वाद घालेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

"रातच्याला झोप लागत न्हाई मला, नाना. सारखं वाटतं, आज कोण ऱ्हायलं तर न्हाई? मी पाण्यात असते तवा वरनं बघायला मोठं माणूस न्हाई. तुमी बसता का?"

"मी? मला दुसरं काम न्हाई व्हय?"

"तासभर. चपलांव नजर ठिवायची, बास."

दोन दिवसांनी काट्या निघाल्या. उंबराखाली नानांची प्लॅस्टिकची खुर्ची आली. चपला वाकड्या लावल्या की ते काठीनं सरळ करायचे आणि शिव्या द्यायचे. ताईनं मला त्या पत्रकाबद्दल एकदाही बोल लावला नाही. नुसतं म्हणाली, "पुढच्या वेळी लिहिशील तवा आदी मोज, कुणाकुणाला लागंल ते."

त्याच उन्हाळ्यातली विकीची गोष्ट. विकी चौदा वर्षांचा, कालव्याच्या पुलावरून उड्या मारून त्याचे व्हिडिओ टाकणारा. त्याला विहिरीवर आणायला ताईला वर्ष लागलं होतं. एकदा त्यानं मोटारीच्या खोलीच्या छतावरून उडी मारली. ताईनं सगळ्यांसमोर त्याला पायरीवर बसवून ठेवलं. थोड्या वेळानं सगळे बाहेर आले, चपला घालून उभे राहिले, आणि रांगेत एक जोड उरली. त्या दिवशी नाना बाजाराला गेले होते.

ताईनं तीन शिट्ट्या मारल्या आणि उडी घेतली. वर आली, परत गेली. विहीर खोल, तळाशी अंधार. सात वेळा गेली. पाचव्या वेळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. आम्ही काठावर नुसतं विकीचं नाव घेऊन ओरडत होतो. मी तर फक्त टॉवेल घट्ट धरून उभी होते, हे मला अजून विसरता येत नाही. गौरी मात्र दिसेना. ती पळाली होती, थेट विकीच्या घरी. दहा मिनिटांनी ती त्याला शर्टाला धरून ओढत घेऊन आली. तो रागारागानं मागच्या बांधानं अनवाणीच घरी गेला होता आणि मोबाइल बघत बसला होता.

ताई पाण्यातून वर आली, त्याला बघितलं, पायरीवर बसली आणि तिला उलटी झाली. आम्हाला वाटलं, आता विकीला मार बसणार. तिनं त्याच्या चपला उचलल्या, मोटारीच्या खोलीच्या खिळ्याला अडकवल्या.

"आठ दिवस," ती म्हणाली. आवाज थरथरत होता. "मोजणीशी खेळायचं न्हाई. जो चप्पल टाकून जाईल तो आठ दिवस अनवाणी. कोण बी असू दे."

मे महिन्यात अनवाणी म्हणजे काय, ते ज्यानं आमच्याकडचा मुरूम तापलेला बघितला आहे त्यालाच कळेल. विकीची आई दुसरी जोडी घ्यायला तयार होती. विकी नको म्हणाला. आठही दिवस तो टाचा उचलत, सावली-सावलीनं विहिरीवर आला. नवव्या दिवशी चपला मिळाल्यावर न सांगता त्यानं रांग लावायचं काम आपल्याकडे घेतलं. पुलावरून तो परत उडी मारताना दिसला नाही. मी त्याला एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "ताईच्या नाकातनं रगत आलं व्हतं ना." एवढंच.

मग तीन वर्षं गेली. ताईचं नर्सिंग पूर्ण झालं आणि लांबच्या शहरातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. हजर व्हायचा दिवस नेमका सुट्टी सुरू झाल्यावरचा. कालव्याला पाणी सुटणार त्याच आठवड्यातला.

त्या दिवसांत तिची बोटं बघवत नव्हती. नखं संपली होती, आता ती कातडी खात होती. गौरी सोळा वर्षांची झाली होती, विकी सतरा, त्यांच्या हाताखाली दोर धरणारी आठ-दहा पोरं तयार होती. पण आयाबाया स्पष्ट म्हणत होत्या, "पूनम असंल तर धाडू. पोरांच्या भरवशाव न्हाई." आणि नाना त्याहून स्पष्ट. "तू गेलीस की मी काट्या टाकणार. पोरं ती पोरं. त्यास्नी काय कळतंय?" काट्या पडल्या की पोरं कुठे जाणार, हे ताईला सांगायची गरज नव्हती. तिला दिवसभर तोच पूल दिसत होता.

निघायच्या दिवशीही ती सकाळी पाण्यात उतरली. निरोप घेणं तिला जमायचं नाही. "रडारड झाली की मोजायचं ऱ्हाऊन जाईल," म्हणाली. म्हणून ठरलं असं की ती मध्येच न सांगता निघेल, कपडे बदलून मागच्या बांधानं येईल आणि नानांना शेवटचं एकदा विनवेल. नाना त्या दिवशी खुर्चीवर नव्हते, पलीकडच्या वावरात टोमॅटोची बांधणी करत होते. मी तिची बॅग घेऊन तिथे थांबले होते.

ती जनावरांसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यातून आली. घासाला नुकतंच पाणी दिलेलं, पाय घोट्यापर्यंत चिखलात. नानांसमोर उभी राहिली.

"नाना, काट्या नका टाकू. आठ दिवस बघा. पोरं नीट करत्यात का न्हाई ते बघा."

"आन आठ दिवसांत काय झालं म्हंजी? तू येणार हायेस दवाखान्यातनं पळत?" नानांनी सुतळीची गाठ मारली. डोळे वर केले नाहीत. "मी म्हातारा माणूस. मला न्हाई जमायचं ते भ्या."

तिनं बॅग घेतली आणि वावरातून बाहेर, मुरमाच्या रस्त्यावर पाय ठेवला. आणि चटका बसून एकदम मागे आली.

तिनं पायांकडे बघितलं. मीही बघितलं. नुसता चिखल. चपला विहिरीवर.

"अगं बाई," ती एवढंच पुटपुटली आणि वळली. त्याच क्षणी विहिरीतून शिट्टी वाजली. एक. दोन. तीन.

नानांच्या हातातली सुतळी पडली. ते धावायला निघाले तसा ताईनं त्यांचा सदरा धरला. दुसऱ्या हातानं माझं मनगट. आम्ही तिघं उंबराच्या मागे आलो, खालचं दिसेल इतकं, आणि तिथे ती थांबली.

"आगं, हाक मार की त्यास्नी!" नाना ओरडले. "पोरं भेली असत्याल!"

"दोन मिन्टं, नाना. पाया पडते. दोन मिन्टं."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. मला राग आला होता, हे लिहायलाच हवं. पोरांच्या भीतीची अशी परीक्षा घ्यायचा अधिकार तिलाही नव्हता.

खाली गौरीचा आवाज. "पाण्यात कुणी उतरायचं न्हाई! समदी पायरीव! हात धरा एकमेकाचा, कुणी सोडायचा न्हाई!" पायऱ्यांवर ओल्या पोरांची साखळी तयार झाली. धाकटी रडायला लागली होती. वरच्या पायरीवर एक जोड उरलेली.

एका चिमुरडीनं ओळखली. "निळी पट्टी. ताईची हाय ती!"

सगळी पोरं सैल झाली. कुणीतरी हसलंसुद्धा. "ताईची व्हय! मंग काय, ताई काय बुडती का?"

"ताईची असली म्हणून काय झालं?" गौरी कडाडली. "ताईला पाणी वळखतं का? विकी, तळ बघ. तुमी दोघं मोटारीच्या खोलीत बघा. बाकीच्यांनी हात सोडला तर बघा!" आणि दोराचं एक टोक विकीच्या कमरेला बांधून दुसरं तिनं स्वतःच्या मुठीला गुंडाळलं.

विकी गेला. वर आला, मान हलवली. "अजून एकदा," गौरी म्हणाली. तो परत गेला.

नाना हलत नव्हते. ताईच्या ओठांतून आकडे येत होते. काय मोजत होती कुणास ठाऊक, श्वास असतील.

विकी दुसऱ्यांदा वर आला तेव्हा ताईनं आम्हाला सोडलं आणि उंबरापुढे जाऊन उभी राहिली. "मी हितं हाय," म्हणाली. पण आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. चिमुरडीनंच आधी बघितलं आणि ओरडली.

गौरी पायऱ्या चढून वर आली. अंग निथळत होतं आणि चेहरा रागानं पांढरा पडला होता. तिच्या मुठीवर दोराचा लाल वळ उठला होता. ती ताईच्या मिठीत शिरेल असं मला वाटलं. तिनं ताईच्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, मग उंबराकडे, नानांकडे, माझ्याकडे. आम्ही किती वेळ तिथे उभे होतो हे तिला कळलं.

"बघत व्हता तुमी," ती म्हणाली.

ताईनं मान हलवली.

"मोजणीशी खेळायचं न्हाई, ताई."

मागे वळून गौरीनं निळ्या चपला उचलल्या, मोटारीच्या खोलीशी गेली आणि त्याच खिळ्याला अडकवल्या.

"आठ दिवस."

"आगं, ती आज चाललीय गावाला," मी म्हटलं. "तिला जीप गाठायचीय. अनवाणी कशी जाईल?"

"कोण बी असू दे," गौरी म्हणाली. आता तिचा आवाज थरथरत होता, पण ती हलली नाही.

नानांनी खाकरून घसा साफ केला. हळूहळू चालत आपल्या खुर्चीपाशी गेले, तिच्यावरचा पाला झटकला आणि बसले. काठीनं पायरीवर ठोकलं.

"नियम हाय, पूनम," ते म्हणाले. "जा तू. हितं मी हाय आन ही पोरगी हाय."

फाट्यापर्यंत ती अनवाणी चालली, टाचा उचलत, सावली-सावलीनं, थेट विकीसारखी. मी माझ्या चपला देऊ केल्या तर माझ्याकडे असं बघितलं की मी त्या परत पायात घातल्या. पोळत असणारच. तोंडानं मात्र वेगळंच चाललं होतं. गौरीनं दोर मुठीला गुंडाळायला नको होता, ओढली गेली असती. हातात नुसता धरायचा. हे तिला सांग. धाकट्यांना आधी वर घ्यायला पाहिजे होतं. हेही सांग. मी "सांगते, सांगते" म्हणत होते.

जीप आली. ती मागच्या बाकावर बसली, बॅग मांडीवर घेतली. बोट हलवत आतली माणसं मोजली. ड्रायव्हरनं गियर टाकला तशी ती एकदम बाहेर वाकली.

"पत्रकवाले! विकीनं तळ दोनदा बघितला ना?"

"दोनदा बघितला!" मी ओरडले. "तुझ्यादेखतच बघितला की!"

"तीनदा बघायचा असतो," ती म्हणाली. "सांग त्याला."

जीप कालव्याच्या पुलाकडे वळली. पाणी सुटलं होतं, पुलाखाली काठोकाठ लाल. मागच्या उघड्या बाजूनं मला शेवटी दिसले ते तिचे दोन तळवे, वाळलेल्या चिखलानं पांढरे झालेले, आणि वळलेली मान. पुलावर कुणी पोर उभं आहे का, ते ती बघत होती.